गप्प राहायचं की बोलायचं: ठरवण्याआधी

‘मौनं सर्वार्थसाधनम्’ हेही आपण म्हणतो आणि ‘मौन म्हणजे संमती’ हेही. तापलेल्या सार्वजनिक प्रश्नावर तोंड उघडावं की नाही, या पेचात दोन्ही वचनं आपापल्या सोयीने वापरता येतात. त्यापेक्षा दोन संस्थांचा अनुभव शेजारी शेजारी ठेवून पाहा.

रेडक्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती सहसा जाहीर टीका करत नाही. तुरुंगात जे दिसतं ते ती त्या सरकारलाच सांगते, म्हणून तिला आत जाऊ दिलं जातं. नेल्सन मंडेला रॉबेन बेटावर कैदेत असताना तिचे प्रतिनिधी तिथे पोहोचले, कैद्यांची गाऱ्हाणी ऐकू शकले. पण ऑक्टोबर १९४२ मध्ये, ज्यूंच्या छळाच्या बातम्या हाती येत असताना, याच समितीने जाहीर आवाहनाचा तयार मसुदा बाजूला ठेवला. पुढे तिनेच ते आपलं अपयश मानलं.

‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ १९७१ साली उभी राहिली; उपचारांबरोबर पाहिलेलं सांगायचंही, अशी तिची ओळख झाली. १९८५ मध्ये इथिओपियातल्या सक्तीच्या स्थलांतरावर तिच्या फ्रेंच शाखेने उघड आवाज उठवला आणि त्या शाखेला देशाबाहेर काढण्यात आलं. सत्य जगापुढे आलं, पण दुष्काळात पिचलेल्या रुग्णांजवळचे तिचे डॉक्टर गेले. बोलण्याची किंमत नेहमी बोलणाराच मोजतो असं नाही, हे मला फार अस्वस्थ करतं.

मग मौन बरं? इथे एक फरक सुटतो. रेडक्रॉस गप्प नसते; ज्याच्या हातात सत्ता आहे त्याच्याशी ती बंद दाराआड बोलते. आपल्यापैकी बहुतेकजण स्वतःला तटस्थ म्हणवतात तेव्हा चारचौघांतही बोलत नाहीत आणि आतही कोणाला टोकत नाहीत. अशा मौनाने पीडिताच्या पदरात काय पडतं? मला तरी उत्तर सापडलेलं नाही.

तुम्ही संस्थेच्या वतीने ठरवत असाल तर गोष्ट वेगळी. शिकागो विद्यापीठाच्या १९६७ च्या काल्व्हेन अहवालाने सांगितलं की विद्यापीठाने राजकीय-सामाजिक वादांत सहसा पक्ष घेऊ नये, कारण त्यामुळे प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना मोकळेपणाने मत मांडता येतं. तेच कारण पुढे करून माणसांची तोंडं बंद करणं म्हणजे त्या विचाराचा विपर्यास. शिवाय विद्यापीठाच्या मूळ कार्यावरच घाला येतो तेव्हा त्याने बोलावं, हेही त्यात आहे.

प्रश्न नीट समजलेला नसेल तर थांबावं. मात्र ‘अजून समजून घेतोय’ एवढं उघड म्हणावं आणि खरंच समजून घ्यावं.

ज्याच्या एका वाक्याने घरच्यांच्या जिवावर बेतेल, त्याच्याकडे मी बोलण्याचा आग्रह धरणार नाही. मी आग्रह धरते तो ज्यांचं फार तर एखाद्याशी वाकडं येईल त्यांच्याकडे, आणि त्यांत मीही आहे.