बचावपटूची 15 क्रमांकाची जर्सी : खडेबाजारातील एका दुकानाचे परीक्षण

बेळगावच्या खडेबाजार परिसरातील क्रीडासाहित्याच्या दुकानांत भिंतीवर टांगलेल्या जर्सी बहुतेक आघाडीपटूंच्या असतात, कारण खप त्यांचाच असतो. मेस्सी, रोनाल्डो आणि एम्बापे यांची नावे आधीच छापून ठेवलेली मिळतात. बचावपटूची जर्सी मात्र सांगून करून घ्यावी लागते. त्यामुळे दुकानदाराची पारख करायची झाल्यास ती अशाच मागणीवर करावी, असे माझे मत आहे. फ्रान्सचा निवृत्त बचावपटू लिलियन थुराम याची 1998 च्या फुटबॉल विश्वचषकातील 15 क्रमांकाची जर्सी मी ज्या दुकानातून शिवून घेतली, ते मुख्य रस्त्यावर नसून आतल्या गल्लीत आहे आणि खानापूरपासून निपाणीपर्यंतच्या संघांचे संच तेथे तयार होतात. मालकांना सगळे ‘अण्णा’ म्हणतात. त्यांच्या घरी वडगावात पूर्वी माग होते, आणि कापड हातात घेऊन बोलण्याची त्यांची सवय बहुधा तिथूनच आलेली असावी.

थुरामच्या कारकिर्दीतून एकच जर्सी निवडणे सोपे नव्हते. 1 जानेवारी 1972 रोजी ग्वादलुप बेटावर जन्मलेला आणि लहानपणी फ्रान्समध्ये आलेला हा खेळाडू मोनॅकोकडून व्यावसायिक फुटबॉलमध्ये उतरला, 1996 मध्ये इटलीतील पार्माकडे गेला, 2001 मध्ये युव्हेंटसकडे आणि 2006 मध्ये बार्सिलोनाकडे. पार्माचा मोह मोठा होता. गोलरक्षक बुफॉन आणि त्याच्या पुढे कॅनाव्हारो व थुराम अशी ती फळी होती, आणि 1999 मध्ये मॉस्को येथील अंतिम सामन्यात फ्रान्सच्या मार्सेय संघाला 3-0 असे हरवून त्या संघाने युएफा चषक जिंकला होता. युव्हेंटसबरोबर त्याने 2002 आणि 2003 मध्ये इटलीचे विजेतेपद मिळवले, पण 2003 च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात मिलानकडून पेनल्टींवर हार पत्करावी लागली. बार्सिलोनातील दोन हंगाम उतरत्या काळातले होते. 2008 मध्ये वैद्यकीय तपासणीत हृदयाचा दोष आढळल्यावर त्याने खेळणे थांबवले.

तरीही निवड 1998 च्या निळ्या जर्सीचीच झाली, कारण फ्रान्ससाठी खेळलेल्या 142 सामन्यांत थुरामने केवळ दोन गोल केले आणि ते दोन्ही 8 जुलै 1998 रोजी क्रोएशियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात केले. मध्यंतरानंतर लगेच डावोर शुकरने क्रोएशियाला आघाडी मिळवून दिली, तेव्हा बचावाच्या ओळीतून पुढे सरकायला उशीर करून शुकरला ऑफसाइड होण्यापासून वाचवणारा थुरामच होता. पुढच्याच मिनिटाला त्याने क्रोएशियाच्या गोलक्षेत्राजवळ बोबानकडून चेंडू हिसकावला, सहकारी जोर्काएफकडे देऊन परत घेतला आणि बरोबरी साधली. सत्तराव्या मिनिटाच्या सुमारास डाव्या पायाने वळवून मारलेल्या फटक्याने फ्रान्सला 2-1 असा विजय मिळाला. त्यानंतर गुडघ्यावर बसून ओठांवर बोट ठेवलेली, विचारात पडल्यासारखी त्याची मुद्रा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना त्या जर्सीविषयी अधिक सांगावे लागत नाही. अर्थात, त्या गोलांइतकेच महत्त्वाचे हे की संपूर्ण स्पर्धेत सात सामने खेळून फ्रान्सने फक्त दोन गोल स्वीकारले. आपल्या मैदानांवर ज्याला दुसरीकडे जागा नसते त्याला मागे उभे करण्याची रीत आहे. उजव्या बगलेवर थुराम, मध्ये मार्सेल देसाई आणि लॉरां ब्लाँ, डावीकडे लिझाराझू अशी ती फळी पाहिल्यावर ही रीत किती चुकीची आहे हे कळते.

दुकानाची खरी परीक्षा नक्षीच्या टप्प्यावर झाली. संगणकावर अण्णांनी जो साचा उघडला, त्यात फ्रान्सच्या संघाच्या कोंबड्याच्या चिन्हावर दोन तारे होते. पहिला तारा 1998 चे विजेतेपद मिळाल्यानंतरचा आणि दुसरा 2018 च्या विजयानंतरचा आहे, त्यामुळे 1998 च्या स्पर्धेत प्रत्यक्ष घातलेल्या जर्सीवर यांपैकी एकही असू शकत नाही. हे सांगितल्यावर पुष्कळ दुकानदार ‘कोण बघतंय?’ असे म्हणून मोकळे होतात. अण्णांनी मात्र उपांत्य सामन्याची छायाचित्रे स्वतः शोधून काढली, तारे पुसले आणि छातीवरील आडवा लाल पट्टा व त्याखालच्या बारीक पांढऱ्या रेषा यांचे प्रमाण पुन्हा मोजून घेतले. बनवणाऱ्या मूळ कंपनीचे चिन्ह छापण्यास त्यांनी आपणहून नकार दिला, ही गोष्ट मला विशेष आवडली. फक्त पुढच्या बाजूचा क्रमांक ते विसरले. विश्वचषकात पाठीप्रमाणे छातीवरही क्रमांक असतो. तो मला जर्सी घेताना लक्षात आणून द्यावा लागला आणि त्यांनी तो जादा पैसे न घेता बसवून दिला.

कापड डॉट निटचे, म्हणजे बारीक छिद्रांच्या विणीचे असून वजनाला हलके आहे आणि घाम लवकर सुकतो. खांद्याची शिलाई दुहेरी आहे, बगलेत ओढ बसत नाही. कॉलर मात्र कडक वाटते. गळ्याशी ती घासते आणि पहिल्या धुण्यानंतरही नरम झाली नाही. लाल पट्टा कापडातच छापलेला असल्यामुळे त्याचा रंग उतरण्याची भीती नाही, पण पाठीवरचे नाव आणि 15 हा आकडा वेगळा कापून हीट प्रेसने चिकटवलेला आहे व त्याच्या कडा काही धुण्यांनंतर उचलू लागल्या आहेत. पावसाळ्यात लेले मैदानावरच्या चिखलात खेळून आल्यावर ब्रशने घासण्याचा मोह होतो. तो टाळावा, जर्सी उलटी करून गार पाण्यात धुवावी आणि इस्त्री आकड्यावर फिरवू नये. नाव व आकडाही कापडातच छापून मागितल्यास हा प्रश्न उरणार नाही. तशी सोय दुकानात आहे, परंतु ग्राहकाने विचारल्याशिवाय ते सांगत नाहीत.

किंमत साडेसहाशे रुपये पडली. तयार मिळणाऱ्या जर्सीच्या मानाने ती जास्त आहे, पण मापाप्रमाणे शिवलेली आणि तपशिलात बरोबर असलेली वस्तू पाहता मला ती वावगी वाटली नाही. स्पर्धांचे दिवस जवळ आले की संघांच्या मोठ्या मागण्यांपुढे एकट्या जर्सीचा नंबर मागे जातो आणि दिलेली तारीख पाळली जात नाही, म्हणून अशी मागणी हंगाम संपल्यावर द्यावी. माप देताना एक बोट सैल ठेवायला सांगावे, कारण कापड धुतल्यावर किंचित आटते.

पार्माची पिवळ्या-निळ्या आडव्या पट्ट्यांची 21 क्रमांकाची जर्सीही मी याच दुकानात विचारली होती. त्यांनी दाखवलेल्या नमुन्यात पुढचे आणि पाठीचे पट्टे कुशीच्या टिपेवर एकमेकांना मिळत नव्हते, आणि हे अण्णांनीच बोट ठेवून दाखवले. पट्टे जुळवून कापायचे तर कापड जास्त वाया जाते व एका जर्सीसाठी ते परवडत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. चार-पाच जणांनी मिळून मागणी दिल्यास ते करून द्यायला तयार आहेत; तोपर्यंत या दुकानातून निळी 15 क्रमांकाचीच घ्यावी.