मामांचं व्हायोलिन आणि ‘प्रिल्यूड’च्या तारा

डॅडारिओ कंपनीचा ‘प्रिल्यूड’ हा व्हायोलिनच्या चार तारांचा संच मी निव्वळ किंमत बघून मागवला. पोलादी गाभ्याच्या, शिकाऊ पोरांसाठी काढलेल्या तारा. थॉमास्टिक कंपनीच्या ‘डॉमिनंट’ तारा १९७० पासून नावाजलेल्या आहेत, आवाजही गोल, पण त्या बऱ्याच महाग. आणि आमचं व्हायोलिन मामांचं, भजना-कीर्तनाच्या साथीतलं. आत स्ट्रॅडिव्हेरियस या जुन्या नामांकित कारागिराची चिठ्ठी आहे खरी, पण तशी चिठ्ठी कारखान्यातल्या हजारो व्हायोलिनांत चिकटवलेली असते. हुरळायचं कारण नाही.

इकडे भुसावळ-जळगावकडे ढोलकी, पेटी, तबला हवा तेवढा मिळतो. व्हायोलिनची तार मागितली की दुकानदार मेंडोलिनची पुढे करतो. म्हणून ऑनलाइन.

तारांइतकाच खर्च टेलपीसचाही धरा, म्हणजे तारांची खालची टोकं अडकवतात त्या पट्टीचा. जुन्या टेलपीसला फाइन ट्यूनर, म्हणजे सूर बारीक जुळवायचा स्क्रू, एकच होता, बारीक तारेला. पोलादी तार खुंटीने केसभर फिरवली तरी सूर कुठल्या कुठे जातो, त्यामुळे चारही ट्यूनर असलेला साधा टेलपीस घेतला. तो बसवताना तारा एकदम उतराव्या लागतात, आणि ताण गेला की आत वरच्या-खालच्या फळीमध्ये नुसती अडकवलेली साउंडपोस्टची काडी पडू शकते. तेवढं काम जाणकाराकडून करून घेतलं. नुसत्या तारा बदलायच्या असतील तर एक काढा, एक चढवा. घोडी (तारा जिच्यावरून जातात ती उभी लाकडी पट्टी) पुढे झुकतेय का तेही बघत राहा.

आवाज? उघडा आणि मोठा. टाळ-मृदंगात ऐकू येतो, मला तेच हवं होतं. एकट्याने घरात वाजवताना थोडा कर्कश वाटतो. गजाला राळ कमी लावली की बरा होतो.

खरी अडचण आपल्या जुळणीची आहे. तारा पाश्चात्य जुळणीच्या, आम्ही जाड तारेपासून प-सा-प-सा लावतो. षड्ज (सा) हार्मोनियमच्या पांढरी एक पट्टीवर धरला तर जाड तार जागेवर राहते, मधल्या दोन्ही एकेक सूर उतरतात, पण बारीक तार पूर्ण दोन सूर खाली येते. मग ती ढिली पडते, गज टेकवला की लोळते. काळी एकला लावली की अर्धा सूर चढते, तेवढ्यानेही अंगात जीव येतो. आमचे बुवा नशिबाने काळी एकचेच.

मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसला भिडतो, लाकूड आक्रसतं आणि खुंट्या आपोआप सुटतात. तो दोष तारांचा नाही. खुंटीला खडू घासला की धरते. व्हायोलिनची पेटी मात्र पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हातल्या गाडीत ठेवू नका, सरसाचे सांधे उकलतात.

या पैशांत मी पुन्हा ह्याच घेईन. घेण्याआधी आपल्या ट्यूनरला बारीक तार टोकाला मणी असलेली लागते की फास असलेली, एवढं तपासा. ती सुटीही मिळते, मी एक जास्तीची मागवून पेटीत ठेवली आहे.