ईव्हीचं घरचं चार्जिंग: उन्हाळा, पावसाळा आणि आमचा जुना पॉइंट

टाटाची विजेवर चालणारी नेक्सॉन ईव्ही घेतली तेव्हा भेटेल तो विचारायचा, "बॅटरी पेटणार नाही ना?" तिन्ही ऋतू घरीच चार्जिंग केल्यावर मला भीती बॅटरीची वाटत नाही. तिच्यावर लक्ष ठेवायला गाडीत बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारी यंत्रणा आहे. भिंतीतल्या वायरीवर लक्ष ठेवायला कुणीच नाही.

माझी गाडी ३० किलोवॉट-तासांची. सोबतचा चार्जर १५ अँपिअरच्या पिनचा, ३.३ किलोवॉटच्या आसपास ओढणारा, म्हणजे जवळजवळ रिकामी बॅटरी भरायला अख्खी रात्र लागते. सुरुवातीला पार्किंगमधल्या जुन्या पॉइंटला पिन लावली आणि तासाभरानं प्लेटला हात लावून पाहिला, तर चटका बसेल इतकी तापलेली. वायरमननं पॉइंट उघडला. एका स्क्रूखाली वायरीचं आवरण तपकिरी होऊन आखडलं होतं. तो म्हणाला, "गिझर अर्ध्या तासात बंद हुतोय साहेब, ही रातभर ओढणार. ढिल्ला स्क्रू टिकंल व्हय?"

मग मेन बोर्डापासून ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वेगळी ओढली, मधे कुठंही जोड नाही. चांगल्या कंपनीचा इंडस्ट्रियल सॉकेट, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवला. आरसीसीबी टाइप ए मागून घ्या. दुकानदार सहसा टाइप एसी काढून देतो आणि गळतीत डीसीचा अंश असला तर हा टाइप एसी ट्रिप होईलच असं नाही. एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी लावणाऱ्यांना तर कोपरापासून नमस्कार.

अर्थिंगचा धडा उन्हाळ्यात मिळाला. एप्रिलमध्ये चार्जर लाल दिवा दाखवून थांबायला लागला. मल्टिमीटर लावला तर न्यूट्रल आणि अर्थमधले व्होल्ट वाढलेले. अर्थिंगच्या खड्ड्यातली माती पार सुकली होती. दोन बादल्या पाणी ओतल्यावर गाडी मुकाट्यानं चार्ज झाली. नंतर मात्र खड्डा नव्यानं करून घेतला. न्यूट्रल आणि अर्थ पिनमध्येच जोडून चार्जरला फसवायची युक्ती बरेच जण सुचवतात. कृपा करून ऐकू नका. न्यूट्रल कुठं तुटला तर गाडीच्या पत्र्यातच करंट उतरू शकतो.

पावसाचं म्हणाल तर कोल्हापुरात त्याचा प्रश्न सुटत नाही. पार्किंगवर पत्रा आहे, पण वाऱ्यानं झड आत येते. गाडीत लावलेली गन (केबलचं गाडीकडचं टोक) भिजली तर फारसं बिघडत नाही. भिंतीकडची पिन आणि चार्जरचा डबा मात्र कोरडा हवा. गन जमिनीवर टाकायची नाही, टोपी लावून हुकाला अडकवायची. सॉकेट छातीच्या उंचीवर घेतला, कारण आमचं घर जयंती नाल्यापासून लांब नाही आणि २०१९, २०२१ चे पूर विसरण्यासारखे नाहीत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी गाठली, की धोक्याच्या ४३ फुटांची वाट न बघता मी गाडी उंचावरच्या पाहुण्यांकडे नेऊन ठेवतो. बॅटरीला आयपी ६७ हे धूळ-पाणी रोखण्याचं रेटिंग आहे, पण ते एक मीटर पाण्यात अर्ध्या तासापुरतं असतं. पुराचं पाणी तेवढ्यात कुठं उतरतंय! गाडी बुडालीच तर पाणी ओसरल्यावर चार्जिंगला लावू नका, चालूही करू नका. घरापासून लांब, उघड्यावर ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला टो करून न्या. पाणी शिरलेली बॅटरी काही दिवसांनीसुद्धा धुरावू शकते.

टक्क्यांचं थोडक्यात. माझी बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची आहे, तिला आठवड्यातून एकदा पूर्ण भरतो. हिचा व्होल्टेज बराच वेळ एकसारखाच राहतो, त्यामुळं शंभर टक्क्यांना गेल्याशिवाय बीएमएसचा अंदाज चुकत जातो. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) बॅटरीवाल्यांनी रोज ऐंशी टक्क्यांना थांबावं. फास्ट चार्जर मी फक्त पुण्याला जाताना हायवेवर वापरतो, तोही ऐंशीपर्यंतच. पुढं वेग इतका पडतो की चहा दोनदा होतो.

भिंतीवरचा ७.२ किलोवॉटचा चार्जर घ्यायचा विचार असेल तर आधी वीजबिलावरचा मंजूर भार बघा. त्याला ३२ अँपिअर लागतात, वायरही निदान ६ चौरस मिलिमीटरची हवी. गाडीसाठी महावितरणकडं वेगळं मीटरही मागता येतं. माझं रोजचं फिरणं राजारामपुरी ते गोकुळ शिरगाव, त्यासाठी रात्रीचा ३.३ पुरून उरतो, म्हणून मी तो खर्च केला नाही.