ऑनलाइन सातबारा ते तालुक्याची रेकॉर्ड रूम, आठ महिने वापरून लिहिलेला रिव्ह्यू

२०२५ च्या एप्रिलमधे आमच्या गावात जिवंत सातबारा मोहिमेचं चावडी वाचन झालं. म्हणजे गावातल्या मयत खातेदारांची यादी वाचून दाखवतात आणि मग त्यांच्या वारसांची नावं लावायचं काम सुरू होतं, आधी बुलढाण्यात झालं होतं आणि १ एप्रिलपासून सगळ्या राज्यात. चुलतभाऊ चावडीवर होता, त्याचा रात्री फोन, "ताई, काकांचं नाव यादीत नाहीये." काका म्हणजे माझे बाबा. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. मयत खातेदारांच्या यादीत नाव नाही याचा अर्थ एकच, की ते खातेदार कधी नव्हतेच. ज्या रानात त्यांची हयात गेली त्या रानाच्या कागदावर त्यांचं नाव नव्हतं आणि आमच्या घरात कुणाला पत्ताच नाही, कारण सोसायटीचं कर्ज, दुष्काळाचं अनुदान वगैरे सगळं थोरल्या काकांच्या नावावर व्हायचं आणि घर एकच होतं.

तिथून पुढचे आठ महिने मी पुण्यातून आणि सुट्ट्या काढकाढून गावी जाऊन हे रेकॉर्ड शोधलं. ऑनलाइन जे जे आहे ते सगळं वापरलं आणि तालुक्याच्या ऑफिसातही बसले, त्यामुळे दोन्हीचं मिळून लिहिते. ज्यांची जमीन गावी आणि स्वतः शहरात, त्यांनी वाचाच.

सुरुवात महाभूलेखवर. फुकट आहे, विभाग, जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, मोबाइल नंबर टाकायचा, उतारा समोर. गट नंबर माहीत नसेल तर नावावरून शोधता येतं, पण नाव जसं नोंदीत आहे तसंच टाकावं लागतं आणि गावाकडच्या नोंदी म्हणजे माणूस एक नि नावं तीन, आमचे आजोबा एका कागदावर राव लावून, एकावर बिगर राव आणि एकावर घरात हाक मारायचे ते नाव. म्हणून आडनावावरून शोधा, यादी मोठी येईल पण सुटणार काही नाही. आणि आधी आठ अ काढा, सातबारा नंतर. आठ अ म्हणजे एका खातेदाराची त्या गावातली सगळी जमीन एका पानावर, कुठकुठल्या गटात किती आहे ते कळतं. आम्हाला दोन गट माहीत होते, आठ अ वर तीन निघाले, तिसरा ओढ्याकडचा तुकडा, लहान आहे पण आहे.

हा फुकटचा उतारा फक्त बघायला, त्यावरच लिहिलेलं असतं की कायदेशीर कामाला चालणार नाही. कामाला हवा तर डिजिटल सहीचा, एका उताऱ्याला १५ रुपये, खाली पडताळणी क्रमांक असतो, बँकेत चालतो, ऑफिसात चालतो. पूर्वी या एका कागदासाठी तलाठी भाऊसाहेब कुठल्या गावाला गेलेत ते विचारत फिरायला लागायचं, आता त्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालंय पण गावात अजून तलाठीच म्हणतात. या सोयीला माझ्याकडून पाच पैकी पाच, मनापासून.

पण उतारा मिळणं वेगळं आणि उतारा कळणं वेगळं. मी पदवीधर बाई, पहिल्या दिवशी मला काहीही कळलं नव्हतं.

वरचा भाग नमुना सात, त्यात मालकीचं. खालचा बारा, त्यात पिकं. क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं लिहितात. १.६२.०० म्हणजे १ हेक्टर ६२ आर, जवळपास ४ एकर. माझा भाऊ ते पाऊणेदोन एकरापेक्षा कमी समजून दोन दिवस अस्वस्थ होता, की घरात तर ४ एकर म्हणायचे, बाकीचं गेलं कुठे. कुठे गेलं नव्हतं. १ एकर ४० गुंठे, आणि आर आणि गुंठा जवळजवळ सारखेच धरून चाला. पोटखराबा म्हणजे त्याच गटातली पिकाखाली नसलेली जमीन, ओढा, खडक असला तर वर्ग अ, रस्त्यासारख्या सार्वजनिक कामाची असली तर वर्ग ब. आमचं लागवडीयोग्य १.५५, पोटखराबा ०.०७, मिळून १.६२. २०२० ला उताऱ्याचा नमुना बदलला तेव्हापासून ही बेरीज करून छापलेली येते, जुन्या उताऱ्यावर आपल्याला करावी लागते.

भोगवटादार वर्ग १ आहे का २ ते बघा. वर्ग २ असेल तर विकायला, घ्यायला सरकारी परवानगी लागते आणि गावाकडे स्वस्तात जमीन मिळतेय म्हणून जाणारी शहरातली माणसं नेमकी इथे अडकतात, कारण दाखवणारा सगळं दाखवतो आणि हा एक शब्द दाखवत नाही.

आता महत्त्वाचं. नावापुढे कंसात जे आकडे असतात ते फेरफार नंबर, फेरफार म्हणजे हक्कात झालेल्या बदलाची नोंद. सातबारा हा आजचा दिवस आहे, तो कसा आला हे फेरफारात. प्रत्येक नाव कुठल्यातरी फेरफाराने आत आलेलं असतं आणि कुठल्यातरी फेरफाराने बाहेर गेलेलं असतं. हाताने लिहिलेल्या उताऱ्यात ज्याचं नाव कमी झालं त्याच्या नावाभोवती कंस करायचे, गावात "त्याला कंस झाला" म्हणतात ते हेच, आणि फेरफाराचा आकडा गोलात लिहायचे. नवीन नमुन्यात कमी केलेल्या नोंदीवर आडवी रेघ असते आणि तळाशी जुन्या फेरफारांचे नंबर एका ओळीत दिलेले असतात. ती ओळ सगळेजण सोडून देतात. ती ओळ कागदावर उतरवून घ्या, तीच तुमची कामाची यादी.

आमच्या उताऱ्यात मालकांच्या रकान्यात थोरल्या काकांच्या दोन मुलांची नावं, बस. पण इतर हक्कात बघितलं तर आमच्या आत्याचं नाव. आत्या ८१ वर्षांची आहे, तिला स्वतःला माहीत नव्हतं. पूर्वी बाप गेला की मुलांची नावं मालकीच्या रकान्यात आणि बहिणींची नावं इतर हक्कात टाकून द्यायचे, हे तालुक्याच्या ऑफिसातल्या जुन्या कारकुनांनी मला सांगितलं. आणि आत्याच्या नावापुढे एक फेरफार नंबर होता. आत्या ज्या फेरफाराने लागली त्याच फेरफाराने आजोबांचे वारस लागले असणार, म्हणजे बाबांचं काय झालं तेही तिथेच असणार. इतर हक्क हा रकाना लोक फक्त बँकेचा बोजा आहे का ते बघायला वाचतात. कुळाची नोंद, विहिरीतला हिस्सा, वहिवाटीचा रस्ता, बहिणी, सगळं तिथे असतं.

हा फेरफार जुना, १९६४ चा, त्यामुळे ऑनलाइन नाही. आपले अभिलेख म्हणून जुने स्कॅन केलेले कागद बघायची सोय आहे पण त्यात सगळे जिल्हे नाहीत, ज्यांचा जिल्हा आहे त्यांनी आधी तिथेच बघा, एक खेप वाचेल. माझी वाचली नाही.

तालुक्याचं नाव मी लिहीत नाही. पहिल्या खेपेला तोंडी विचारलं, "सापडत नाही ताई." दुसऱ्या खेपेला तेच. दारातल्या एका माणसाने बाजूला घेऊन सांगितलं की साडेसात हजारात सगळा सर्च काढून देतो. मी दिले नाहीत आणि तुम्हीही देऊ नका. तिसऱ्या खेपेला लेखी अर्ज केला, गावाचं नाव, जुना सर्व्हे नंबर, फेरफार नंबर, अंदाजे साल, आणि खाली एक ओळ, की अभिलेख उपलब्ध नसल्यास तसा लेखी दाखला द्यावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. आठ दिवसात रजिस्टर सापडलं. नाही हे तोंडी म्हणणं सोपं असतं, सही करून नाही म्हणायचं तर आधी शोधावं लागतं.

तिथले ते कारकून मात्र, रिटायर व्हायला वर्ष राहिलेलं, त्यांच्याबद्दल लिहिलं नाही तर माझ्यावर ऋण राहील. लाल कापडात बांधलेले दप्तर स्वतः उचलून आणायचे, पान उलटताना खालून हात द्यायचे, आणि मला प्रत्येक खूण समजावून सांगितली. १९६४ च्या नोंदीत बाबांचं नाव होतं. आजोबा मयत, वारस मुलगे दोन, एक मुलगी, विधवा पत्नी, धाकटा मुलगा अज्ञान (म्हणजे वयाने लहान), थोरल्याचं नाव ए.कु.मॅ. म्हणून दाखल. मी विचारलं ए.कु.मॅ. काय. म्हणाले एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे नाव एकाचं पण जमीन सगळ्यांची, घरचा कारभारी म्हणून त्याला पुढे केलाय. तसंच अ.पा.क. दिसलं तर अज्ञान पालन कर्ता, मूल लहान म्हणून आई नाहीतर काका पालक. ही तीन अक्षरं ज्यांच्या जुन्या उताऱ्यावर आहेत त्यांनी तो उतारा जिवापाड जपा.

मग ती अक्षरं गेली कुठे? हाताने लिहिलेले सातबारे साधारण दर दहा वर्षांनी नव्या पानावर उतरवून काढायचे. आम्ही दर दहा वर्षांचा एकेक उतारा मागवला आणि टेबलावर ओळीने लावले. पहिल्यावर काकांच्या नावाआधी ए.कु.मॅ. आहे. दुसऱ्यावर नाही. मधे कुठला फेरफार नाही, वाटणीपत्र नाही, हक्कसोड नाही, नुसतं उतरवताना राहून गेलं. पुढे काका वारले, त्यांची मुलं वारस लागली, आणि बाबा कागदावरून कायमचे गेले. कुणी फसवलं नव्हतं. चुलतभाऊ तिथेच माझ्या शेजारी उभा होता, तो काही बोलला नाही, बाहेर येऊन चहाच्या टपरीवर म्हणाला की सही कुठे करायची ते सांग.

दुसरी अडचण, गट आणि सर्व्हे नंबर. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्याने गावोगावी जमिनींची फेररचना झाली आणि सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, त्यामुळे आजच्या गट नंबरने जुन्या दप्तरात काहीच सापडत नाही. कुठला सर्व्हे कुठल्या गटात गेला ते एकत्रीकरणाच्या पत्रकात असतं, हे मोजणी ऑफिसात, म्हणजे भूमी अभिलेखकडे मागायचं, तहसीलला नाही. नकाशा, टिपण (मोजणीच्या वेळची कच्ची आकृती), आकारबंद (क्षेत्र आणि आकारणीचं पत्रक) पण त्यांच्याकडेच. यातच आमच्या दोन खेपा गेल्या. त्याही मागचा एक कागद मिळाला, १९३० च्या आसपासचं कडईपत्रक, म्हणजे कुणाचा किती हिस्सा ते लिहिलेला जुना कागद, अर्धं मोडीत. मोडी वाचणाऱ्या बाईंकडून वाचून घेतलं. आजोबा आणि त्यांचे दोन भाऊ, प्रत्येकाचा हिस्सा ५ आणे ४ पै. रुपयाचे तीन सारखे भाग. १२ एकरातले ४ एकर ते हेच. मी घरी येऊन तो आकडा आईला वाचून दाखवला तेव्हा आई म्हणाली घरातली जुनी माणसं हिशोब असाच सांगायची, आण्यात.

शेवटी लेखनप्रमादाची चूक दुरुस्त करा म्हणून जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज केला, सोबत सगळे उतारे सालवार लावून. आमच्यात भांडण नव्हतं म्हणून जमलं, चुलतभावांनी संमतीचे जबाब दिले. घरात वाद असेल तर हा रस्ता नाही, मग प्रांतांकडे अपील नाहीतर दिवाणी कोर्ट, आणि आधी वकील गाठा. हे पण लक्षात ठेवा की सातबारा म्हणजे मालकीचा अखेरचा पुरावा नाही, कायद्याने ती नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात एवढंच. म्हणून खरेदीखत, वाटणीपत्र, कोतवाल बुकातल्या मृत्यूच्या नकला, हे सगळं एका पिशवीत ठेवा.

हुकूम झाल्यावर फेरफार धरला, नोटिसा निघाल्या. आणि इथे आपली चावडी, म्हणजे गावच्या चावडीवरचा नोटीस बोर्ड ऑनलाइन. गावात कुठले फेरफार चालू आहेत, कुणाची नोटीस निघाली, हरकतीची मुदत कधी संपते हे घरबसल्या दिसतं. हरकतीला १५ दिवस असतात. तुमच्या गटावर कुणी काही नोंद घालत असेल तर ते इथे आधी दिसेल, पुण्यामुंबईत राहणाऱ्याने दर पंधरा दिवसांनी आपलं गाव टाकून बघायची सवय लावावी, दोन मिनिटांचं काम आहे आणि नंतरची दोन वर्षं वाचतात. मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केल्याचं मला तिथेच दिसलं, ऑफिसमधे जेवणाच्या सुट्टीत, मी डबा तसाच ठेवून भावाला फोन लावला.

१५ रुपये भरून नवा उतारा काढला. चुलतभाऊ दोघं, खाली आई, भाऊ आणि मी, पुढे नवीन फेरफार नंबर. एकूण सेवेला मी चार देईन. ऑनलाइन जितकं आहे तितकं उत्तम आहे, एक कापला तो जुन्या फेरफारांसाठी, ते जोवर प्रत्येक जिल्ह्यातले स्कॅन होऊन समोर येत नाहीत तोवर खेडेगावातल्या म्हाताऱ्या माणसाला त्याचाच कागद परका.

आत्याचं नाव अजून इतर हक्कातच आहे. ते मालकांच्या रकान्यात घ्यायचा अर्ज टाइप करून ठेवलाय, ती म्हणाली कागद सहीला घरी आणू नको, मी येते आणि अंगठा न देता नाव लिहिते, मला येतं. येत्या सोमवारी तिला घेऊन जातेय.