उद्यमबागेतले मोटर वायंडिंगचे दुकान : काम चोख, हात अपुरे

बेळगावच्या उद्यमबागेत शेतीपंपाच्या जळालेल्या मोटरी भरून देणारी, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून देणारी, जी थोडी जुनी दुकाने अजून चालू आहेत, त्यांपैकी एकाविषयी हा अभिप्राय आहे. काम अत्यंत चोख आहे, दर वाजवी आहेत आणि मालकाचा शब्द खरा असतो; मात्र मोटर परत मिळायला वेळ लागतो, आणि तो का लागतो हे नीट सांगितल्याशिवाय हा अभिप्राय पुरा होणार नाही. दुकानाचे नाव मी मुद्दाम देत नाही. लिहिणार आहे असे सांगितल्यावर मालक म्हणाले, "नाव घालू नका की हो सर, आहे तेच काम उरकंना झालंय." ज्या दुकानाला गिऱ्हाईक वाढण्याची भीती वाटते, त्याची अडचण नेमकी काय आहे, हे आपण गिऱ्हाइकांनी समजून घेतले पाहिजे असे मला वाटते.

आमच्या कडोलीच्या शिवारातील विहिरीवरची पाच एचपीची मोनोब्लॉक (पंप आणि मोटर एकाच दांड्यावर असलेली) मोटर ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर जळाली. भाजीपाल्याला एक पाणी चुकले की आठवड्याची मेहनत जाते, त्यामुळे लवकर करून देईल तो मिस्त्री चांगला, असाच आपला हिशेब असतो. या दुकानात मात्र मोटर उघडल्यावर आधी ती का जळाली याचा शोध घेतला गेला. स्टेटरमधील, म्हणजे मोटरच्या आतल्या न फिरणाऱ्या, खाचा असलेल्या लोखंडी गाभ्यातील, एका फेजच्या कॉइल काळ्या ठिक्कर पडल्या होत्या आणि उरलेल्या दोन फेजची तार जवळजवळ कोरी होती. वीजपुरवठ्याच्या तीनपैकी एक फेज गेल्यावरही मोटर दोन फेजवर चालत राहिली, तिने जादा प्रवाह ओढला आणि डेल्टा जोडणीत (तिन्ही गुंडाळ्या त्रिकोणात जोडलेल्या असतात ती) त्याचा सगळा भार एका गुंडाळीवर पडला, हे मिस्त्रींनी बोट ठेवून दाखवले. स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले (जादा प्रवाह ओढला की मोटर बंद करणारा) कधीतरी वाढवून ठेवलेला असणार, तो मोटरच्या पाटीवरील अँपिअरप्रमाणे लावा आणि एक फेज गेली की मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवा, नाहीतर मी भरलेली मोटरही याच रीतीने जळेल, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मोटर पुन्हा पुन्हा जळण्यात ज्याचा धंदा आहे, त्याने ती जळू नये म्हणून सल्ला देणे ही गोष्ट मला मोठी वाटते.

पुढचे काम मी जवळ बसून पाहिले. जुनी गुंडाळी काढण्यापूर्वी तारेचे आटे (वेढे) मोजले गेले, तारेचा गेज, म्हणजे जाडी, मायक्रोमीटरवर पाहिला गेला, कॉइल कोणत्या खाचेतून निघून कोणत्या खाचेत जाते याची नोंद वहीत झाली. अनेक ठिकाणी वेळ वाचवण्यासाठी स्टेटरवर रॉकेल ओतून जुनी तार जाळून काढतात. त्या आगीत लोखंडी पत्र्यांमधले पातळ विद्युतरोधक आवरण करपते, पुढे गाभाच तापू लागतो आणि मोटर भरून आणली तरी पूर्वीसारखी चालत नाही. इथे कॉइलची एक बाजू छिन्नीने कापून दुसऱ्या बाजूने तार ओढून काढतात. त्यात वेळ जातो आणि हाताला फोड येतात, पण गाभा शाबूत राहतो. मग खाचा घासून साफ करून त्यांत इन्सुलेशन पेपर बसवला जातो, फर्म्यावर गुंडाळलेल्या नव्या कॉइलचा एकेक पदर बोटांनी खाचेत सारला जातो आणि वरून बांबूची पट्टी ठोकली जाते. तारेवरच्या इनॅमलला नखाएवढा ओरखडा आला तरी तिथे पुढे शॉर्ट होण्याचा धोका असतो, म्हणून हे काम लोखंडी हत्याराने न करता फायबरच्या पट्टीने आणि बोटांच्या अंदाजाने करतात. शेवटी मेगर या यंत्रावर इन्सुलेशन तपासले, वार्निश पाजून स्टेटर गरम पेटीत वाळवला आणि इंपेलर (पाणी ढकलणारे चाक) काढून मोटर चालवली, तेव्हा टाँग टेस्टर या तारेभोवती चिमट्यासारख्या लावायच्या मापकावर तिन्ही फेजचा प्रवाह जवळजवळ सारखा दिसला. तो आकडा मालकांनी मला स्वतः वाचायला लावला.

या सगळ्याचे बिल दोन्ही बेअरिंग धरून ४,८०० रुपये झाले. याहून कमी दरात भरून देणारे आहेत, परंतु तांब्याच्या जागी ॲल्युमिनियमची तार किंवा एक गेज पातळ तार घातली की दर सहज उतरतो. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६१ टक्के असते. त्याच खाचेत तीच जाडी भरली तर मोटर तापणारच. खाली पडलेले तारेचे तुकडे इथे विचारल्यावर लगेच हातात दिले जातात, त्यामुळे संशयाला जागा राहत नाही.

आता वेळेविषयी. माझी मोटर सांगितलेल्या दिवशी मिळाली नाही. त्यासाठी दोन हेलपाटे पडले, फोन बहुतेक वेळा उचलला गेला नाही, आणि त्या दिवसांत शेजाऱ्याच्या विहिरीवरून पाणी मागून घ्यावे लागले. ही तक्रार मी लपवत नाही. परंतु दुकानात चार कामाची मेजे आहेत, त्यांपैकी दोन मेजांवर जुन्या स्टार्टरच्या पेट्या रचून ठेवल्या आहेत, कारण तिथे बसणारे कोणी उरलेले नाही. साठीकडे झुकलेले मालक, पन्नाशी ओलांडलेले एक मिस्त्री आणि आयटीआय करून आलेला एक तरुण, एवढ्यांवर दुकान चालते. पूर्वी याच जागेत सहा जण बसत. त्यांतले काही वयामुळे थांबले, काहींनी स्वतःची दुकाने काढली आणि त्यांच्या जागी नवीन कोणी आले नाही.

तरुण पोरांना कष्ट नकोत, मोबाईलमधून डोके वर निघत नाही, असे या विषयावर सर्रास बोलले जाते. मला ते पटत नाही. पहाटे पाचला कडोली-काकतीच्या रस्त्यावर भरतीसाठी धावणारी पोरे मी रोज पाहतो. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात असल्याने सैन्याची ओढ इथे घराघरांत आहे, आणि २०२२ पासून अग्निवीर म्हणून भरती चार वर्षांची झाली, पुढे जास्तीत जास्त चौथाई जवानच कायम होतात, हे माहीत असूनही ही पोरे धावतात. कष्टाला ती घाबरत नाहीत. ज्या कष्टाच्या शेवटी काही पदरात पडेल असे दिसते, त्या कष्टाकडे ती वळतात. दुकानातल्या त्या तरुणाचे आयटीआयचे वर्गमित्र कोणी हत्तरगीच्या विमानभागांच्या कारखान्यात, कोणी चाकणला, कोणी गोव्याला गेले आहेत. तिथे पीएफ आहे, कंपनीची बस आहे, कँटीन आहे आणि ओळखपत्र आहे. वायंडिंगच्या दुकानात हाताला वार्निशचा वास, सुरुवातीला तुटपुंजा पगार आणि लग्नाच्या बोलणीत "पोरगा करतो काय?" या प्रश्नाला अडखळत द्यावे लागणारे उत्तर आहे. मुलीकडच्यांना कंपनीतला हेल्पर चालतो, परंतु मोटर भरणारा कारागीर चालत नाही, ही आपल्याच गावांची रीत आहे.

यात नियमांचाही भाग आहे. आयटीआयचा इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. त्यात वायंडिंग शिकवतात, पण बोटांना वळण लागते ते पुढे दुकानात बसून. अशा उमेदवारीसाठी १९६१ चा अॅप्रेंटिस कायदा आहे. २०१९ मध्ये बदललेल्या नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांवर शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन आहे आणि ४ ते २९ माणसे असलेल्यांना ते ऐच्छिक आहे. तीन माणसांचे हे दुकान त्या हिशेबात बसतच नाही, त्यामुळे उमेदवाराच्या विद्यावेतनातला सरकारी वाटाही त्याच्या वाट्याला येत नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि पाच टक्के व्याजाने कर्ज अशी चांगली सोय आहे; परंतु तिच्या १८ व्यवसायांत सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, शिंपी आहेत, मोटर भरणारा नाही. ज्या दुकानात कला प्रत्यक्ष शिकता येते, नेमके तेच दुकान दोन्हीकडून बाहेर राहते. हे बदलले पाहिजे, आणि आपल्या भागातील लोकप्रतिनिधींनी ते मांडले पाहिजे.

गिऱ्हाईक म्हणून आपली बाजूही स्वच्छ नाही. मी बसलो असताना एका गृहस्थांनी बेअरिंगची छापील किंमत मुकाट्याने मान्य केली आणि मजुरीतले तीनशे कमी करण्यासाठी बराच वेळ घातला. वस्तूला किंमत आणि हाताला घासाघीस, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. ते तीनशे अखेर त्या तरुणाच्या पगारातून कमी होतात आणि तो चाकणची गाडी पकडतो.

त्या तरुणाविषयी मात्र आवर्जून लिहावेसे वाटते. माझ्या मोटरच्या अर्ध्या कॉइल त्याने बसवल्या. मालक शेजारी उभे होते, पण त्यांनी हात लावला नाही. एका खाचेत पेपर सरकलेला दिसला तेव्हा "परत काढ" एवढेच म्हणाले आणि त्याने न कुरकुरता सगळी कॉइल काढून पुन्हा बसवली. त्यात तास गेला असेल. गिऱ्हाईक समोर बसलेले असताना शिकणाऱ्याला तो तास देणारे मालक मी फारसे पाहिलेले नाहीत. दुकानात आटे आणि गेज यांची जी वही आहे, ती हा तरुण आता फोनमध्ये उतरवून घेतो आहे आणि मालकांची त्याला आडकाठी नाही.

ज्यांना घाई आहे त्यांनी इथे येऊ नये. मार्च ते मे या काळात दुकान मोटरींनी भरलेले असते. शक्य असेल त्यांनी पावसाळ्यात, पंप बंद असताना, बेअरिंग आणि इन्सुलेशन तपासून घ्यावे, म्हणजे काम लवकर होते आणि खर्चही थोडक्यात भागतो. बिलावर तारेचा गेज आणि आट्यांची संख्या लिहून द्यावी, अशी माझी सूचना आहे, कारण सहा महिन्यांची हमी सध्या तोंडीच दिली जाते. फोन घेण्यासाठी कोणी ठेवता येत नसेल, तर रोजची ठरावीक वेळ तरी पाटीवर लिहावी.

मालकांनी नाव देण्यास नकार दिला तो गिऱ्हाइकांपुरता. शिकणारे कोणी असेल, मुलगा असो वा मुलगी, तर पत्ता जरूर द्या, असे त्यांनी मला बजावून सांगितले आहे. दहावीपर्यंतचे गणित येत असावे, पहिल्या महिन्यापासून पगार मिळेल आणि रिकाम्या दोन मेजांपैकी एक मोकळे करून दिले जाईल, असा त्यांचा शब्द आहे. बेळगाव, खानापूर, हुक्केरी किंवा निपाणीकडच्या कोणाला खरोखर शिकायचे असेल, तर त्यांनी मला कळवावे, मी त्यांना स्वतः दुकानापर्यंत घेऊन जाईन.