अकरा वेळा ‘नको’

मशीन चांगलं आहे, हे आधीच सांगून टाकते. दोन महिने झाले, आवाज बेताचा आहे, कपडे छान पिळून निघतात, अजून काही तक्रार नाही. ज्यांना फक्त मशीनचं जाणून घ्यायचंय त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल. पुढचं सगळं ते जिथून आणलं त्या दुकानाबद्दल आहे, आणि त्यातही तिथे विकायला उभ्या असलेल्या माणसांबद्दल. नाव लिहीत नाही. एका मुलाची नोकरी त्यात अडकलेली आहे, का ते पुढे कळेलच.

मी पहिल्यांदा गेले रविवारी संध्याकाळी, म्हणजे मुळातच चुकीच्या वेळी. हातात कागद होता: समोरून उघडणारं, ७ किलोचं, रुंदी ६० सेंटीमीटर, आणि नळी मागे वळवायला जागा हवी म्हणून भिंतीपासूनचं मापही लिहिलेलं. पर्समध्ये टेप. इतकी तयारी करून गेलेल्या बाईला काय विकायचं राहिलं, असं मला वाटत होतं.

दारातच एक मुलगा आला. ‘काय दाखवू मॅडम?’ मी म्हटलं, ‘नको, बघतेय.’ हे पहिलं. मग तो माझ्यापासून बरोबर दोन पावलांवर चालत राहिला. मी थांबले की तोही थांबायचा. एखाद्या दारावर नुसता हात ठेवला की त्या मॉडेलची सगळी कुंडली ऐकावी लागायची. दाराशी मी ‘मॅडम’ होते, मशीनपाशी ‘ताई’ झाले आणि वॉरंटीच्या टेबलाशी पोचेपर्यंत ‘मावशी’. आणखी एखादं टेबल असतं तर मी त्याची आजी झाले असते.

माझ्या कागदावरच्या मशीनकडे तो मला जाऊच देईना. फिरून फिरून एकाच कंपनीच्या ९ किलोवाल्यापाशी आणून उभं करायचा. शेवटी मी विचारलं, ‘तू दुकानाचा की कंपनीचा?’ बिचारा गडबडला, पण खरं बोलला. कंपनीचा. दुकानात विकायला उभे असलेले सगळे दुकानाच्या पगारावर नसतात. काहींना कंपनीच नेमते, पगारही तीच देते, आणि त्यांनी दुसऱ्या कंपनीच्या मशीनबद्दल चांगलं बोलावं अशी अपेक्षा करणं म्हणजे वकिलाने समोरच्या पक्षाची बाजू मांडावी असं म्हणण्यासारखं आहे. त्या दिवशी विचारलेल्या सगळ्या प्रश्नांत हा प्रश्न सर्वांत कामाचा ठरला. त्याने निमूटपणे दुकानाच्या मुलाला हाक मारली. हा दुसरा मुलगाच या लिखाणाचा नायक, पण त्या संध्याकाळी तसं अजिबात वाटलं नाही.

कारण त्याने सुरुवात केली प्रश्नांनी. घरात किती माणसं? पाणी जड आहे का? पावडर वापरता की लिक्विड? मी सगळ्यांची उत्तरं दिली, आणि दहा मिनिटांनी लक्षात आलं की मी मऊ पडलेय. ‘नको’ म्हणणं आधीपेक्षा जड जातंय. माझी मुलगी मानसशास्त्र शिकलेली आहे, घरी गेल्यावर तिने हसत हसत एक प्रयोग सांगितला. १९६६ मध्ये फ्रीडमन आणि फ्रेझर या दोघांनी तो प्रसिद्ध केला. कॅलिफोर्नियातल्या गृहिणींना फोन करून विचारलं, पाचसहा माणसं तुमच्या घरी येऊन दोन तास सगळी कपाटं उघडून घरातल्या वस्तूंची नोंद करतील, चालेल का? थेट असं विचारल्यावर साधारण २२ टक्के बायका हो म्हणाल्या. पण ज्यांना तीन दिवस आधी फोन करून तुम्ही कुठला साबण वापरता वगैरे आठ साधे प्रश्न विचारले होते, आणि ज्यांनी त्यांची उत्तरं दिली होती, त्यांच्यातल्या जवळजवळ ५३ टक्के तयार झाल्या. साबणच! मला तर वाटलं माझीच गोष्ट चाललीय.

यात मला नवल वाटायला नको होतं, कारण मी स्वतः हे केलेलं आहे. कॉलेजात असताना दीड वर्ष मी चपला-बुटांच्या दुकानात संध्याकाळी काम करत होते. मालक एक वही ठेवायचा. त्या वहीत आमच्या नावापुढे बूट किती विकले ते नसायचं. पॉलिश, मोजे, आतले सोल आणि ब्रश किती गेले ते असायचं. तो उघडच सांगायचा, बुटावर मला काही सुटत नाही, सुटतं ते डबीवर. महिनाअखेरीला ज्याच्या नावापुढे कमी आकडे असतील त्याला सगळ्यांसमोर उभं करायचा. एका शुक्रवारी माझ्या नावापुढे काहीच नव्हतं, आणि मी एका गृहस्थांना पॉलिशची डबी विकली. त्यांनी घेतले होते कॅनव्हासचे बूट. कापडाचे. ते पैसे देताना ‘थँक यू बेटा’ म्हणाले. पुढची कित्येक वर्षं काळी पॉलिश दिसली की ते आठवायचे.

तेव्हा मागे लागणारा मुलगा दिसला की मी त्याच्यापेक्षा त्याच्या मागे असलेली वही शोधते. ती हल्ली कॉम्प्युटरमध्ये असते, एवढाच फरक. मोठ्या वस्तूंत दुकानांची आपसात चढाओढ असते, कोणीही दोन दुकानांतले भाव पाच मिनिटांत ताडून बघतं, म्हणून तिथला नफा पातळ होतो. वाढीव वॉरंटी, स्टँड, कव्हर, पावडर यांचे भाव कोण ताडून बघत बसतंय? जोर सगळा तिथेच लागतो.

इथेही तसंच झालं. मशीन ठरण्याआधीच मला वॉरंटीच्या टेबलाशी बसवलं. मी म्हटलं नको. मुलगा म्हणाला, ‘मावशी, एक मिनिट, सरांना बोलावतो.’ ही चाल फार जुनी आहे. एका विक्रेत्याला नकार मिळाला की गिऱ्हाईक दाराबाहेर पडण्याआधी दुसऱ्याच्या हाती द्यायचं. नवा माणूस, नवा चेहरा, आणि आपल्याला सगळं पुन्हा पहिल्यापासून नाकारावं लागतं. बहुतेक लोक दुसऱ्या खेपेला थकतात. सर आले, खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले, समोर नाही. मशीन बिघडलं तर काय काय होईल याचं असं वर्णन केलं की जे मशीन चांगलं म्हणून अर्धा तास दाखवत होते ते हेच का, असा प्रश्न पडावा.

मी तीन गोष्टी विचारल्या. ही वाढीव मुदत आजपासून मोजायची की कंपनीची संपल्यावर? बिघडलं तर येणार कोण, कंपनीचा माणूस की तिसराच कोणी? आणि छापील कागदावर काय काय वगळलंय ते वाचून दाखवता का? तिसऱ्या प्रश्नावर सरांनी कागद उलटा केला, बहुधा नोकरीत पहिल्यांदाच. दाराचं रबर वगळलेलं होतं, नळ्या वगळलेल्या होत्या. दारावर मोठ्या आकड्यात लिहिलेली ‘१० वर्षं’ फक्त मोटरला होती, हे मला आधीच माहीत होतं. समोरून उघडणाऱ्या मशीनचं रबर खराब झालं की पाणी गळतं. तेच वगळलं तर राहिलं काय!

तरी सर सोडेनात. तेव्हा मी माझं जुनं हत्यार काढलं. बुटांच्या दुकानात आम्हाला एक कागद पाठ करायला दिला होता. गिऱ्हाईक ‘विचार करून सांगतो’ म्हणालं तर काय बोलायचं, ‘घरी विचारते’ म्हणालं तर काय, ‘महाग आहे’ म्हणालं तर काय. प्रत्येक कारणाला उत्तर होतं. त्यामुळे मी कारण देतच नाही. कारण दिलं की ते समोरच्याच्या मालकीचं होतं, मग तो त्याचं काहीही करू शकतो. ‘नको, धन्यवाद,’ एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं. त्या कागदावर नुसत्या गप्प बसण्याला उत्तर नव्हतं. पहिल्यांदा केलं तेव्हा मला स्वतःलाच फार उद्धट वाटलं होतं. आता सवय झालीय. सरही गप्प बसले, मीही. मला घाई नव्हती.

या सगळ्या वेळात नवरा कुठे होता? टीव्हीच्या भिंतीसमोर. त्याला तिकडे वेगळाच मुलगा भेटला होता, आणि आमच्या घरी असलेल्या धडधाकट टीव्हीत रंगच नाहीत असं त्याला पटत आलं होतं. दुकानातले टीव्ही प्रखर दिव्यांखाली उठून दिसावेत म्हणून ‘दुकानासाठीच्या’ सेटिंगवर लावलेले असतात, घरच्या खोलीत ते रंग डोळ्यांत खुपतील, हे त्याला सांगून बाहेर काढावं लागलं. ते ‘नको’ मी माझ्या हिशोबात धरलेलं नाही.

निघताना दाराशी शेवटचा बाण आलाच: ‘ऑफर आज रात्री संपते, मावशी.’ मी भावाच्या पाटीचा फोटो काढला, त्यांच्यादेखत, आणि निघाले. आठ ‘नको’ झाले होते.

गुरुवारी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या परत गेले. रविवारी रात्री संपणारी ऑफर ठणठणीत होती, पाटीही तीच. आणि त्याच दुकानात का गेले? माझं मॉडेल तिथे होतं, भाव ठीक होता, आणि मला चिडून जास्त पैसे मोजायची हौस नाही. सर अजून आले नव्हते. तोच दुकानाचा मुलगा एकटा फडक्याने मशीनच्या काचा पुसत होता. मला बघून जरा ओशाळला. मग इकडेतिकडे पाहून म्हणाला, ‘मावशी, तुम्ही दोघंच ना? ७ पुरे. ९ दाखवायला सांगितलंय.’ पुढे त्यानेच समजावलं की मोठ्या ड्रममध्ये चार कपडे टाकले की ते एका बाजूला गोळा होतात, तोल जातो आणि पिळताना मशीन अडखळतं. किलोचा आकडा कोरड्या सुती कपड्यांचा असतो, हेही सांगितलं. पाठीमागे वाहतुकीसाठी लावलेले बोल्ट असतात, ते काढल्याशिवाय मशीन अजिबात चालवू नका, नाहीतर ते नाचत स्वयंपाकघरात येईल, असं म्हणून मला ते बोल्ट कुठे असतात ते दाखवलं. रविवारी अर्ध्या तासात यातलं एक वाक्य माझ्या कानावर आलं नव्हतं. म्हणजे त्याला माहीत सगळं होतं. सांगायची मुभा नव्हती.

स्टँड, कव्हर आणि पावडर त्याने विचारायची म्हणून विचारली, मी नको म्हटलं, तीनदा, आणि त्याने एकदाही दुसऱ्यांदा विचारलं नाही. अकरा पूर्ण.

एवढं होऊन बिल हातात आलं तर त्यात पावडरची दोन पाकिटं होती. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, ‘ते मशीनबरोबर आपोआपच येतं.’ आपोआप म्हणजे आपल्या पैशांनी. काढायला लावली. इतका वेळ मागे लागणं मी एक वेळ समजू शकते, नाकारण्याची संधी तरी असते त्यात. न विचारता बिलात घुसवलेल्या वस्तूला नको कसं म्हणणार? बिल वाचलंच नसतं तर? माझ्या लेखी या दुकानाचा सगळ्यात मोठा दोष हा, आणि पाचपैकी दोनच तारे त्यासाठी. ते दोनसुद्धा मशीन ठरल्या वेळी आलं आणि बसवायला आलेल्या माणसाने जमीन समपातळीत आहे की नाही ते नीट तपासलं म्हणून.

मशीन आल्याच्या दुसऱ्या दिवशी फोनवर मेसेज आला. आमच्या कर्मचाऱ्याने तुम्हाला कशी सेवा दिली, ० ते १० मध्ये सांगा. मुलाने निघताना हळूच सांगून ठेवलं होतं, ‘मावशी, द्यायचे तर दहाच द्या. नऊ दिले तरी मला विचारतात.’ मी दहा दिले. दुकानाला किती, असा प्रश्न त्या मेसेजमध्ये नव्हताच. तो इथे सोडवतेय.

आणि काल दुपारी बारावं झालं. फोनवर एक मुलगी होती, आवाज इतका ताजा की नोकरीचा पहिला आठवडा असावा. मशीनची वाढीव वॉरंटी, खास माझ्यासाठी, मुदत आज रात्री संपते. मी म्हटलं, नको, धन्यवाद. आणि गप्प बसले. पलीकडे क्षणभर काहीच आलं नाही, मग कागद उलटल्याचा आवाज ऐकू आला.