एचटी-२ घरी घडवताना: फ्लाइटगिअर आणि जेएसबीसिमचा आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षी गणपती उठल्यावर, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीस, मी फ्लाइटगिअर या मोफत विमान-सिम्युलेटरसाठी एक विमान स्वतः तयार करायला घेतले. आता मे संपत आला आहे आणि ते विमान छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाच्या धावपट्टीवरून उठते, फेरी मारते आणि बहुतेक वेळा सरळ उतरतेही. मी जालन्यात एका कारखान्यात आरेखक आहे. यंत्रांचे आराखडे काढण्यात दिवस जात असल्यामुळे, त्रिमितीय चित्र उत्तम जमले की विमान जमले, अशा समजुतीने मी या कामाला हात घातला होता. प्रत्यक्षात चित्राला दोन महिने लागले आणि उरलेले सहा महिने आकड्यांनी खाल्ले. म्हणून पुढच्या अनुभवात ब्लेंडर या त्रिमितीय चित्राच्या प्रोग्रॅमचे वर्णन थोडे आणि उड्डाणाच्या गणिताचे जास्त आहे.

विमान कोणते घ्यावे याचा मला फार विचार करावा लागला नाही. हिंदुस्थान एअरक्राफ्टचे एचटी-२ हे दोन आसनी प्रशिक्षण विमान १९५१ च्या ऑगस्टमध्ये प्रथम उडाले आणि त्याचे आरेखन कोल्हापूरकडच्या विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली झाले होते. एकामागे एक आसने, खालच्या बाजूला पंख, न मिटणारी चाके, शेपटाखाली छोटे चाक आणि नाकात १५५ अश्वशक्तीचे सिरस मेजर इंजिन. मिटणारी चाके नाहीत, कोन बदलणारा प्रोपेलर नाही, संगणकीकृत पडदे नाहीत. नवशिक्याला पेलेल इतकेच यंत्र. शिवाय त्याचे मूळ आकडे छापील स्वरूपात मिळतात: पंखांचा विस्तार ३५ फूट २ इंच, क्षेत्रफळ सुमारे १७३ चौरस फूट, रिकामे वजन १,५४० पौंड, भरलेले २,२४० पौंड, सर्वाधिक वेग ताशी १३० मैल. एवढ्या शिदोरीवर मी निघालो.

साधन निवडताना एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरसोबत मिळणाऱ्या प्लेन मेकरचाही विचार केला होता. त्यात विमानाचा आकार भरला की पंखांचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येकावरची बळे सिम्युलेटर स्वतः काढतो. फ्लाइटगिअरमध्ये दोन मार्ग मिळतात. वायसिम या पद्धतीत आकार, उतरतानाचा वेग आणि प्रवासाचा वेग सांगितला की बाकीचे ते जुळवून घेते. जेएसबीसिममध्ये मात्र प्रत्येक गुणांक, म्हणजे विमानावरचे प्रत्येक बळ किती हे ठरवणारा आकडा, आपणच लिहायचा असतो. मी जेएसबीसिम घेतले. एक तर सगळे साध्या एक्सएमएल मजकुरात असते, आणि दुसरे म्हणजे त्याची पत चांगली आहे. अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण-संशोधन संस्थेने २०२० साली कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वैमानिकांमध्ये आभासी हवाई झुंजी लावल्या, तेव्हा त्यातल्या एफ-१६ च्या उड्डाणाचे गणित जेएसबीसिमच करत होते. तिसरे कारण खिशाचे होते आणि ते सांगायला संकोच वाटत नाही: फ्लाइटगिअर, जेएसबीसिम आणि ब्लेंडर या तिन्हींना मिळून एक रुपयाही लागत नाही.

पहिली ठेच मोजमापाच्या चौकटीत लागली. जेएसबीसिम इंचांत मोजते, त्याचा एक अक्ष शेपटाकडे, एक उजव्या पंखाकडे आणि एक वर जातो, आणि शून्यबिंदू कोठेही धरला तरी चालतो. फ्लाइटगिअरमधले चित्र मात्र मीटरमध्ये असते आणि त्याचा शून्यबिंदू आपण ब्लेंडरमध्ये जेथे ठेवला तेथेच असतो. या दोन जगांची गाठ व्हीआरपी नावाच्या एका ओळीत मारावी लागते. चित्राचा शून्यबिंदू जेएसबीसिमच्या मापात कोठे येतो, एवढेच ती ओळ सांगते. मी चित्राचा शून्यबिंदू प्रोपेलरच्या आसावर धरला होता आणि व्हीआरपीची उंची मात्र पोटाच्या तळाची लिहिली होती. परिणामी माझे विमान चाके धावपट्टीत रुतवून, पोटावर सरपटल्यासारखे धावत असे, आणि गंमत अशी की उडताना त्यात काहीही वावगे वाटत नसे, कारण गणिताच्या दृष्टीने ते बरोबरच होते. ही चूक शोधायला मला तीन रविवार लागले. कारखान्यात एका भागाचे दोन आराखडे वेगवेगळ्या संदर्भरेषेवरून काढले की जी फजिती होते, तीच ही. ती मी स्वतःच्या घरात, कोणी साहेब मागे उभा नसताना केली, एवढेच समाधान.

हवेतल्या गणिताची सुरुवात मी एअरोमॅटिक या छोट्या प्रोग्रॅमने केली. वजन, विस्तार, लांबी, इंजिनाची ताकद असे थोडके आकडे दिले की तो जेएसबीसिमची पूर्ण फाइल लिहून देतो. त्या फाइलवर विमान पहिल्याच दिवशी उडाले आणि मी पेढे वाटायच्या बेतात होतो. पण समतल उड्डाणात पूर्ण शक्ती दिल्यावर त्याने ताशी १४५ मैलांचा वेग गाठला. छापील आकडा १३० चा. मग वही काढून उलट्या दिशेने हिशेब केला. १५५ अश्वशक्तीपैकी प्रोपेलर साधारण ७८ टक्के कामी लावतो असे धरले, तर १३० मैलांना हवेचा रोध सुमारे ३५० पौंड निघतो, आणि त्यावरून एकूण रोध गुणांक ०.०४७ च्या घरात जातो. त्यातला उत्थापनामुळे, म्हणजे विमानाला वर उचलणाऱ्या बळामुळे, येणारा वाटा पंखाच्या लांबी-रुंदीच्या प्रमाणावरून काढला, तो ०.००५ भरला; म्हणजे उरलेला सुमारे ०.०४२ हा नुसत्या आकाराचा, उघड्या चाकांचा आणि सांध्याफटींचा रोध. एअरोमॅटिकने ०.०२७ धरला होता. तो आकडा बदलताच वेग १३१ वर आला.

येथे थोडे विषयांतर करतो. उत्थापनामुळे येणाऱ्या रोधाचे जे सूत्र मी वहीत वापरले, ते जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांच्या पंख-सिद्धांतातून आलेले आहे, आणि घाटगे यांनी जर्मनीत गॉटिंगेनला जाऊन डॉक्टरेट केली ती याच प्रांटल यांच्याकडे. हे मला आधी ठाऊक नव्हते. ज्या गुरूच्या सूत्राने विमान घडवले गेले असेल त्याच सूत्राने जालन्यात त्याची नक्कल तपासली जात आहे, हे वाचले त्या रात्री वही मिटायला बराच उशीर झाला.

सर्वांत जास्त छळले ते चाकांनी. जेएसबीसिममध्ये प्रत्येक चाकाला स्प्रिंगचा ताठपणा आणि धक्का शोषण्याचे प्रमाण द्यावे लागते. माझ्या हातून एक शून्य जास्त पडले आणि धावपट्टीवर उभे असलेले विमान आधी थरथरले, मग उडी मारून उलटे झाले आणि शेवटी आकाशात भिरकावले गेले. घरातली मुले ते पुन्हा पुन्हा पाहायला मागत होती. नीट विचार केल्यावर उत्तर सरळ होते. पुढच्या प्रत्येक चाकावर सुमारे १,००० पौंड भार येतो आणि उभ्या स्थितीत चाक चार इंच दबावे असे धरले, तर ताठपणा फुटाला ३,००० पौंड निघतो. त्या वजनाला आणि ताठपणाला दोलन पूर्ण थांबवणारे शोषण ६०० च्या आसपास येते. मी त्याच्या निम्मे, ३०० ठेवले. तेव्हापासून विमान उतरताना एकदा उसळते आणि बसते, जे मला योग्य वाटते.

तरीही जमिनीवर धावताना ते फार शहाण्यासारखे वागत होते, आणि हे मला आमच्या गल्लीतल्या आण्णांनी दाखवून दिले. आण्णा वायुदलातून तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झाले आणि उमेदवारीच्या काळात त्यांनी या विमानांची देखभाल केली होती. पडद्यासमोर खुर्ची ओढून त्यांनी दोन उतरणी पाहिल्या आणि म्हणाले, “इतकं सरळ? शेपटीला चाक असलेलं विमान आहे रे हे. पाय ढिले सोडले की ते तोंड फिरवून मागं बघतं.” त्यांचे म्हणणे भौतिकशास्त्राला धरून होते. अशा विमानाचा गुरुत्वमध्य पुढच्या चाकांच्या मागे असतो, त्यामुळे नाक जरासे वळले की मागचे वजन ते वळण आणखी वाढवत नेते. माझ्या फाइलमध्ये शेपटीचे चाक मोकळे फिरण्याऐवजी ताठ बांधलेले होते आणि गुरुत्वमध्य चाकांच्या जवळजवळ वरच आला होता. मागच्या आसनावरच्या माणसाचे आणि इंधनाचे वजन वेगवेगळ्या बिंदूंवर टाकून मी तो मागे आणला, चाक मोकळे केले, आणि पुढचे पंधरा दिवस मलाच विमान सरळ थांबवता येईना. आण्णांचे समाधान झाले.

मे महिन्यात मी एक मुद्दाम चाचणी केली आणि माझ्या मते या साधनाची खरी किंमत तीत कळली. चिकलठाणा समुद्रसपाटीपासून साधारण १,९०० फुटांवर आहे. हवामानाच्या खिडकीत ४२ अंश तापमान भरले की, त्या उंचीच्या प्रमाण तापमानापेक्षा हवा ३१ अंशांनी गरम ठरते आणि विमानाला ती सुमारे ५,६०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ वाटते. मी कोठेही “उन्हाळ्यात शक्ती कमी कर” असे लिहिलेले नाही. जेएसबीसिमचे इंजिन हवेचा दाब आणि तापमान पाहून आत किती हवा जाते ते स्वतः काढते. समुद्रसपाटीला थंड हवेत माझे विमान ८२० फुटांत जमीन सोडत होते, ते चिकलठाण्याच्या दुपारी १,३५० फुटांवर गेले, आणि चढण्याचा वेग मिनिटाला ८०० फुटांवरून ५०० वर उतरला. वेगदर्शकाचा काटा त्याच आकड्यावर असताना बाहेरची जमीन नेहमीपेक्षा वेगाने मागे पळत होती, कारण अशा हवेत खरा वेग नऊ टक्के जास्त असतो. जेट विमानांसाठी बांधलेल्या धावपट्टीवर याने काही बिघडत नाही, पण जालना रस्त्यावरून भर दुपारी जाताना झळा मारणारी हवा पंखालाही कमी पडते, हे आकड्यांत पाहणे मला कोणत्याही सुंदर देखाव्यापेक्षा मोलाचे वाटले.

अशा चाचण्यांसाठी प्रत्येक वेळी सिम्युलेटर उघडावा लागत नाही, ही सोय फारच उपयोगी आहे. जेएसबीसिम एकटे, चित्राशिवाय, आज्ञावलीवर चालते आणि प्रत्येक क्षणाचे आकडे फाइलमध्ये लिहून देते. रात्री दहा वेगवेगळी मूल्ये लावून ठेवावीत आणि सकाळी चहासोबत आलेख पाहावेत, असा माझा परिपाठ झाला आहे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. काटे, दांडे आणि बटणे हलवण्याचे काम फ्लाइटगिअरमध्ये सोपे आहे; कोणत्या गुणधर्माने कोणती वस्तू किती फिरावी, एवढे लिहिले की झाले. ब्लेंडरमधून चित्र बाहेर काढणाऱ्या एका पूरक प्रोग्रॅमने अक्षांची अदलाबदल केली, तेव्हा मी दुसरा घेतला. रंगासाठी इंटरनेटवरची छायाचित्रे वापरू नयेत. विमान फ्लाइटगिअरच्या सामाईक संग्रहात द्यायचे असेल तर त्यातली प्रत्येक गोष्ट मुक्त परवान्याखाली असावी लागते, म्हणून मी पत्र्याचे पोत स्वतः काढले. संगणक साधाच आहे, आठ जीबी स्मृतीचा, आणि तो पुरतो. वीज मात्र पुरत नाही. दोनदा रात्री अकराला वीज गेली. ब्लेंडर दर दोन मिनिटांनी प्रत साठवतो म्हणून वाचलो, मजकूर-संपादक साठवत नव्हता म्हणून एकदा चाकांची सगळी फाइल पुन्हा लिहिली. त्यानंतर इन्व्हर्टरची तार संगणकापर्यंत ओढली.

हे साधन कोणी घ्यावे, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. महिन्याभरात देखणे विमान मित्रांना दाखवायचे असेल, त्याने जेएसबीसिमच्या वाटेला जाऊ नये. त्याला वायसिम बरे. माहिती पुष्कळ आहे, पण विखुरलेली आहे, आणि जुन्या आवृत्तीसाठीचे लेखन नव्याच्या शेजारीच असते, त्यामुळे चालू असलेल्या दुसऱ्या विमानाची फाइल उघडून वाचणे हाच खरा अभ्यासक्रम ठरतो. इंग्रजी मजकूर आणि फूट-पौंडांचे गणित यांची सवय लागते. स्थिरतेचे गुणांक मात्र आजही मला अर्धे अंदाजानेच लिहावे लागले आहेत आणि गिरकीत गेलेले माझे विमान कोणतेही कौशल्य न दाखवता आपोआप सावरते, ही उणीव मी लपवत नाही. उत्थापन संपल्यानंतरच्या कोनांसाठी लागणारे आकडे माझ्याकडे नाहीत.

परवा आण्णांना पुन्हा बोलावले होते. या वेळी उतरण पाहून ते काही बोलले नाहीत. मी इंजिन बंद करून पुन्हा सुरू केले तेव्हा मात्र त्यांनी हात वर केला. “लई लवकर सुरू होतंय रे हे. थंडीच्या पहाटे आम्ही घाम गाळायचो.” मी म्हणालो, “आण्णा, बाहेर ४२ अंश आहेत.” तर म्हणाले, “मग डिसेंबर लाव आणि दाखव.” मी सात अंश तापमान लावले, इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झाले. आता नॅसल या फ्लाइटगिअरच्या आज्ञावलीच्या भाषेत एक छोटा तुकडा लिहायला घेतला आहे: हवा जितकी थंड, तितक्या वेळा आधी इंधन पंप करावे लागेल, आणि ते केले नाही तर प्रोपेलर नुसता फिरेल.